बान्यो, सेर्विसिओ, लाबाबो: स्पॅनिशमध्ये एका खोलीला इतकी नावं का?

माझ्याकडे दीड वर्ष स्पॅनिश शिकलेली एक विद्यार्थिनी आईला घेऊन स्पेनला गेली होती. आईंना मधुमेह, त्यामुळे त्यांना वरचेवर जावं लागतं. माद्रिदच्या एका स्टेशनात आईंनी तिला हळूच खूण केली. तिने समोरच्या माणसाला वर्गात पाठ केलेलं वाक्य विचारलं, "दोंदे एस्ता एल बान्यो?" बाथरूम कुठे आहे? तो लगेच म्हणाला, "लोस सेर्विथिओस? अल फोंदो, आ ला देरेचा." टोकापर्यंत जा, तिथे उजव्या हाताला. दिशा तिला कळली, पण 'सेर्विथिओस' (लॅटिन अमेरिकेत याचाच उच्चार 'सेर्विसिओस') म्हणजे सर्व्हिस, म्हणजे हा आपल्याला चौकशीच्या खिडकीकडे पाठवतोय असं तिला वाटलं. टोकाला जाऊन पाहते तर उजवीकडे पाटी 'आसेओस'. हा शब्द तिने कधी ऐकलाच नव्हता. मायलेकी त्या पाटीखाली तशाच उभ्या राहिल्या, शेवटी एक बाई आतून हात पुसत बाहेर आल्या तेव्हा उलगडा झाला. रात्री तिचा मला फोन आला, "मॅडम, तुम्ही आम्हाला एकच शब्द का शिकवलात?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. ज्या गोष्टीची गरज माणसाला दिवसातून सहा वेळा लागते, तिचा एकच शब्द शिकवून मी थांबले होते. मधुमेही, गरोदर बाई, लहान मूल किंवा म्हातारं माणूस बरोबर असेल, तर हा शब्दसंग्रहाचा प्रश्न उरत नाही, अब्रूचा होतो. म्हणून हा लेख.

गोंधळ फक्त प्रवाशांचाच होतो असंही नाही. दर वर्षी १९ नोव्हेंबरला जागतिक शौचालय दिन असतो. सिंगापूरच्या जॅक सिम यांनी २००१ साली याच तारखेला वर्ल्ड टॉयलेट ऑर्गनायझेशन ही संस्था काढली आणि २०१३ साली संयुक्त राष्ट्रसंघाने या दिवसाला अधिकृत मान्यता दिली. राष्ट्रसंघाच्या स्पॅनिश पानावर त्याचं नाव आहे 'दीआ मुंदिआल देल रेत्रेते'. म्हणजे बान्यो नाही, सेर्विथिओ नाही, आसेओ नाही. चौथाच शब्द, रेत्रेते. हे सगळे शब्द आले कुठून, आणि कुठला कुठे चालतो?

आधी आजीच्या घरात डोकावू

जुन्या मराठी घरात मोरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात असे. न्हाणीघर मागच्या अंगाला, चुलीवर पाणी तापवण्याच्या सोयीने. आणि संडास असलाच तर घरापासून लांब, परसात. तीन जागा, तीन कामं, तीन नावं. आज फ्लॅटमध्ये या तिन्ही जागा एका दरवाजामागे आल्या आणि आपण त्या दरवाजाला 'बाथरूम' म्हणू लागलो. मूल वर्गात हात वर करून "बाथरूमला जाऊ का?" विचारतं, तेव्हा त्याला आंघोळ करायची नसते हे बाईंना कळतं.

स्पॅनिशमधला गुंता सोडवायला हे लक्षात ठेवलं की पुरे. तिथेही तीन वेगळ्या गोष्टींची नावं एकमेकांत मिसळली आहेत. एक, घरातली खोली. दोन, स्टेशन, हॉटेल, ऑफिस अशा सार्वजनिक ठिकाणची सोय. तीन, ज्यावर बसायचं ते भांडं. यादी पाठ करणारा विद्यार्थी या तिन्ही गोष्टींचे शब्द एका रांगेत लिहितो आणि तिथेच फसतो.

बान्यो: सगळ्यांचा थोरला

'बान्यो' हा शब्द लॅटिनमधल्या 'बाल्नेउम'वरून आला, आणि लॅटिनमध्ये तो ग्रीकमधून. मूळ अर्थ स्नान, स्नानगृह. रोमन लोकांची मोठमोठी सार्वजनिक स्नानगृहं ज्या नावाने ओळखली जायची, त्याच नावाचा हा वंशज. स्पॅनिशमध्ये आजही 'बान्यार्से' म्हणजे आंघोळ करणं आणि 'त्राखे दे बान्यो' म्हणजे पोहण्याचा पोशाख. आंघोळीच्या खोलीला 'क्वार्तो दे बान्यो' म्हणत. त्यातला 'क्वार्तो' म्हणजे खोली पुढे गळून पडला आणि नुसतं 'बान्यो' राहिलं.

मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत हा शब्द घरात चालतो, हॉटेलात चालतो, पेट्रोल पंपावरही चालतो. स्पेनमध्ये तो मुख्यतः घरातल्या खोलीसाठी आहे, पण कुठेही विचारलात तरी समजतो. माद्रिदच्या त्या माणसाला तो समजलाच होता. त्याने उत्तर मात्र आपल्या सवयीच्या शब्दात दिलं.

मेक्सिकोत तर हा शब्द खोलीवरून थेट क्रियेवर गेला आहे. तिथे शौचाला जाण्याला 'आसेर देल बान्यो' म्हणतात. आपल्याकडे "बाथरूमला आली आहे" असं मूल म्हणतं, तेव्हा नेमकं हेच घडतं. खोलीचं नाव घेतलं की कामाचं नाव घ्यावं लागत नाही.

एक सावधगिरी. इक्वेडोरमध्ये 'बान्योस' नावाचं गावच आहे, पूर्ण नाव बान्योस दे आग्वा सांता. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी ते प्रसिद्ध आहे. तिथल्या बसच्या कपाळावर 'बान्योस' लिहिलेलं दिसलं, तर ती बस तुम्हाला डोंगरातल्या त्या गावी नेईल.

धुण्यावरून आलेले: लाबाबो आणि आसेओ

'लाबाबो'ची कथा मला या सगळ्यांत जास्त आवडते. लॅटिनमध्ये 'लावाबो' म्हणजे 'मी धुवीन'. कॅथलिक मिस्साविधीत धर्मगुरू हात धुताना स्तोत्रातली एक ओळ म्हणत: मी निर्दोषांमध्ये माझे हात धुवीन. तिचा पहिला शब्द 'लावाबो'. ओळीवरून विधीला ते नाव पडलं, मग हात धुण्याच्या पात्राला, मग घरातल्या बेसिनला, आणि शेवटी बेसिन असलेल्या खोलीला. प्रार्थनेतलं एक क्रियापद असं चालत चालत शौचालयाच्या पाटीवर येऊन पोहोचलं.

स्पेनमध्ये, विशेषतः बार्सिलोनाच्या बाजूला, 'लाबाबो' खोलीसाठी सर्रास वापरतात. तिथल्या कातालान भाषेतही हाच शब्द आहे. पण त्याचा बेसिन हा अर्थही जिवंत आहे. मेक्सिकोत तर 'लाबाबो' म्हणजे बेसिनच. तिथे 'लाबाबो' विचारलंत तर कुणी हात धुण्याची जागा दाखवेल आणि तुम्ही तशाच उभ्या राहाल.

'आसेओ' म्हणजे स्वच्छता, टापटीप. आपल्या 'स्वच्छतागृहा'चा हा सख्खा भाऊ. स्पेनमध्ये विमानतळ, स्टेशन, संग्रहालय अशा ठिकाणी पाटीवर अनेकवचनी 'आसेओस' लिहितात. बोलताना लोक बहुधा 'सेर्विथिओस' म्हणतील, म्हणजे सेवा, सोय. पाटीवर 'स्वच्छतागृह' आणि तोंडात 'टॉयलेट' हा आपल्याकडचा अनुभव आठवा.

स्पेनमध्ये घर भाड्याने घेणाऱ्यांनी या शब्दाकडे आणखी नीट बघावं. जाहिरातीत 'दोन बान्यो, एक आसेओ' असं असेल, तर पूर्ण बाथरूम दोनच आहेत. आसेओ म्हणजे कमोड आणि बेसिन असलेली छोटी खोली. आंघोळीची सोय नसते, फार तर कोपऱ्यात छोटा शॉवर. हीच छोटी खोली मेक्सिकोत 'मेदिओ बान्यो' म्हणजे अर्धं बाथरूम होते, चिलीत 'बान्यो दे बिसीतास' म्हणजे पाहुण्यांचं बाथरूम, आणि अर्जेंटिनात फ्रेंच वळणाचं 'तुआलेत'. शिकायला जाणाऱ्या मुलांनी चौघांत घर घेताना हे वाचून घ्यावं. सकाळी आठच्या तासाला निघायचं असतं तेव्हा बान्यो आणि आसेओ यांतला फरक रोज भोगावा लागतो.

लपण्यावरून आलेले: रेत्रेते आणि एस्कुसादो

'रेत्रेते' म्हणजे मुळात मागे सरून बसण्याची, एकांताची खोली. इंग्रजीतला 'रिट्रीट' त्याच कुळातला. जुन्या स्पॅनिशमध्ये राजवाड्यातल्या आतल्या खासगी दालनालाही रेत्रेते म्हणत, आणि त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. पुढे अर्थ आकसत गेला आणि तो त्या एकाच कामाच्या एकांतापुरता उरला. आज स्पेनमध्ये तो बसण्याच्या भांड्यासाठी आणि त्या खोलीसाठी वापरतात, पण पाहुण्यांसमोर बरेच जण टाळतात. आता राष्ट्रसंघाने आपल्या दिवसासाठी नेमका तो का घेतला, हे माझ्या परीने मी असं समजते की त्या दिवशी विषय आंघोळीचा नसतो, हात धुण्याचाही नुसता नसतो. ज्यांच्याकडे शौचालयच नाही त्यांच्याबद्दल बोलायचं असतं, आणि तिथे 'बान्यो' हा शब्द फार गुळमुळीत पडतो.

'एस्कुसादो'ही याच जातीचा: आडोशाचा, राखून ठेवलेला. मेक्सिकोत कमोडला हा शब्द आजही घरोघरी ऐकू येतो. आपल्याकडे "परसाकडे जाऊन येतो" म्हणत. परस म्हणजे घराची मागची बाजू. वाक्यात कामाचा उल्लेख नाही, फक्त दिशेचा आहे. रेत्रेते, एस्कुसादो आणि परसाकडे हे तिन्ही शब्द एकच सांगतात: मी जरा दिसेनासा होतो, कुठे ते विचारू नका.

वास न येणारं भांडं

आता तिसरी गोष्ट, भांडं. त्याचा सर्वांत ठिकठिकाणी पोहोचलेला शब्द 'इनोदोरो'. 'ओलोर' म्हणजे वास, आणि 'इनोदोरो' म्हणजे वास नसलेलं. शौचालयाच्या भांड्याला असं नाव का पडावं, हे समजायला प्लंबरकडे जावं लागतं.

१७७५ साली अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने लंडनमध्ये एका शौचकूपाचं पेटंट घेतलं. त्यातली मोठी युक्ती भांड्याखालच्या वाकड्या नळीत होती. नळी इंग्रजी एस अक्षरासारखी वळवली की वळणात थोडं पाणी कायम साचून राहतं. मैला वाहून जातो, पण गटारातला वायू त्या पाण्याला ओलांडून वर येऊ शकत नाही. आपल्या बाथरूमच्या जाळीखाली जो 'नहाणी ट्रॅप' बसवतात, त्याचं तत्त्व हेच. (हा ट्रॅप भारतभरच्या इंजिनिअरिंगच्या इंग्रजी पुस्तकांतही 'नहाणी' याच नावाने येतो. आपली न्हाणी तिथवर पोहोचली याचा मला अभिमान वाटतो.) गावाला महिनाभर जाऊन आल्यावर बाथरूमला वास येतो, कारण ट्रॅपमधलं पाणी वाळलेलं असतं. दोन तांबे पाणी ओतलं की वास थांबतो.

या पाण्याच्या पडद्याआधीचं शौचालय आणि नंतरचं शौचालय यांत माणसाच्या नाकाला जाणवणारा सगळ्यात मोठा फरक हाच होता. म्हणून जे नवं होतं तेच नाव झालं: इनोदोरो.

ज्या इंग्रजी नावाने ही वस्तू युरोपभर गेली, ते 'वॉटर क्लोजेट'ही स्पॅनिशने घेतलं, पण अर्धंच. 'क्लोजेट' टाकून दिलं आणि 'वॉटर' ठेवलं. स्पेनमध्ये त्याचा उच्चार 'बातेर' होतो, चिलीत 'ग्वातेर'. म्हणजे स्पॅनिशमध्ये पाण्याला 'आग्वा' म्हणतात आणि इंग्रजी पाण्याला कमोड.

व्हेनेझुएलात भांड्याला 'पोसेता' म्हणतात. कोलंबियात 'सानितारिओ' चालतो, मेक्सिकोत 'तासा', म्हणजे अक्षरशः कप. कॉफीचा तोच. स्पेनमध्ये घरगुती थट्टेत "सेन्योर रोकांना भेटून येतो" असं म्हणतात. रोका ही बार्सिलोनाजवळच्या गावा या गावात १९१७ साली सुरू झालेली कंपनी, आणि तिचं नाव तिथल्या पिढ्यांनी दररोज बसल्याजागी वाचलेलं आहे. आपल्याकडे ज्या पॅरीवेअरचं नाव निम्म्या घरांतल्या भांड्यावर असतं, ती पॅरीवेअरही आज याच रोका समूहाची आहे.

पण थेट नाव का नाही?

वरचे शब्द पुन्हा एकदा बघा. स्नान, धुणं, स्वच्छता, सेवा, एकांत, आडोसा, वास नसणं, पाणी, कप. यांतल्या एकाही शब्दात ते काम नाही. प्रत्येक शब्द त्या कामाच्या शेजारच्या कशाकडे तरी बोट दाखवतो. थेट नाव टाळण्यासाठी वापरलेल्या अशा सभ्य शब्दाला आपण इथे 'आडशब्द' म्हणू.

आडशब्दाची अडचण अशी की तो फार काळ आड राहत नाही. लोक तो त्याच गोष्टीसाठी वापरत राहतात, मग त्या गोष्टीची घाण शब्दालाही चिकटते आणि तोच शब्द उघडा वाटू लागतो. मग नवा शब्द शोधावा लागतो. भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी याला पायाखाली सरकणाऱ्या व्यायामाच्या पट्ट्याची उपमा दिली आहे: कितीही चाललात तरी तिथेच. मला त्यापेक्षा आपलं रहाटगाडगं जवळचं वाटतं. एक गाडगं स्वच्छ पाण्याने भरून वर येतं, रितं होतं, खाली जातं, आणि तोवर मागचं वर आलेलं असतं.

हे दोन हजार वर्षांपूर्वीपासून चाललं आहे. स्पॅनिशमधला 'लेत्रिना' हा शब्द आज लष्करी छावणीतल्या किंवा खेड्यातल्या खड्ड्याच्या शौचालयासाठी वापरतात. पण तो लॅटिनमधल्या 'लावात्रिना'वरून आला, म्हणजे धुण्याची जागा. रोमन लोकांनीही धुण्यामागेच आडोसा घेतला होता.

आपल्या 'शौच' शब्दाचा प्रवास तर याहून ठळक आहे. 'शुचि' म्हणजे पवित्र, त्यावरून 'शौच' म्हणजे पावित्र्य. योगातल्या पाच नियमांमध्ये पहिला नियम शौच, त्यानंतर संतोष. आज "शौचाला गेलाय" असं म्हटलं तर पावित्र्य कुणाच्याही मनात येत नाही. आणि 'शौचालय' हा शब्दही पाहुण्यांपुढे जड वाटतो म्हणून आपण 'स्वच्छतागृह', 'प्रसाधनगृह', 'वॉशरूम' अशा पायऱ्या चढत असतो. स्पॅनिश माणूस रेत्रेतेवरून बातेरवर, बातेरवरून सेर्विथिओवर आला, तो याच चढणीने.

तरी देशोदेशी वेगळे शब्द का?

लाज सगळीकडे सारखी असेल तर शब्दही सारखे का नाहीत? उत्तर इतिहासाच्या तारखांमध्ये आहे.

स्पॅनिश आज वीस सार्वभौम देशांची अधिकृत भाषा आहे आणि सुमारे पन्नास कोटी लोकांची मातृभाषा. अमेरिका खंडातले यांतले बहुतेक देश १८१० ते १८२५ या काळात स्पेनपासून स्वतंत्र झाले. घरात पाण्याचा नळ, फ्लशची टाकी आणि गटाराची नळी ही व्यवस्था तिथल्या मोठ्या शहरांत आली ती साधारणपणे त्यानंतर दोन पिढ्यांनी आणि पुढे. म्हणजे वस्तू आली तेव्हा घर वेगळं झालेलं होतं. ब्वेनोस आइरेसने फ्रेंचांकडे बघून शब्द घेतला, स्पेनने इंग्रजांकडून, मेक्सिकोने जुनाच 'एस्कुसादो' नव्या भांड्याला लावला.

भाऊ वेगळे झाल्यावर आजीचे शब्द सगळ्यांकडे सारखे राहतात, पण नंतर घरात आलेल्या वस्तूला प्रत्येक घर आपलं नाव ठेवतं. स्पॅनिशमध्ये पाणी, भाकरी, हात, आई हे शब्द वीसही देशांत एकच आहेत. पण बसला स्पेनमध्ये 'आउतोबुस', मेक्सिको सिटीत 'कामिओन', क्युबात 'ग्वाग्वा', अर्जेंटिनात 'कोलेक्तिवो'. कॉम्प्युटरला स्पेनमध्ये 'ओर्देनादोर', पलीकडे 'कोंपुतादोरा'. मोबाइल स्पेनमध्ये 'मोबिल', पलीकडे 'सेलुलार'. बाथरूमचं प्रकरण याच रांगेतलं, फक्त त्यात लाजेची भर पडल्यामुळे रांग लांबली.

मग यातला शुद्ध शब्द कोणता?

हा प्रश्न वर्गात दर वेळी येतो, आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुधा स्पेनचा शब्द शुद्ध, बाकीचे बिघडलेले असं असतं. हे साफ चूक आहे. स्पॅनिश भाषेची राजअकादमी माद्रिदमध्ये १७१३ साली स्थापन झाली खरी, पण १९५१ पासून निरनिराळ्या देशांच्या अकादमींचा एक संघ आहे, आज त्यात २३ अकादमी आहेत, आणि कोश व व्याकरण त्या एकत्र मिळून करतात. २०१० साली अमेरिका खंडातल्या शब्दांचा स्वतंत्र कोशही त्यांनी काढला. 'पोसेता' म्हणणारी व्हेनेझुएलाची बाई चुकत नाही. कोकणातल्या माणसाचा शब्द पुण्यात अशुद्ध ठरवणं जितकं अन्यायाचं, तितकंच हे.

आणि 'बान्यो'ने काम भागतं, तर बाकीचे शिकायचे कशाला?

बोलण्यापुरतं खरंच भागतं. वीसपैकी कुठल्याही देशात "एल बान्यो, पोर फाबोर?" विचारा, तुम्हाला नीट उत्तर मिळेल. लॅटिन अमेरिकेत कुणाच्या घरी असाल तर "पुएदो पासार आल बान्यो?" म्हणजे "बाथरूमला जाऊ का?" हे वाक्य पुरेसं सभ्य आहे.

पण प्रश्न आपण विचारतो, उत्तर समोरचा देतो. आणि पाटी तर कुणालाच न विचारता लिहिलेली असते. माझी विद्यार्थिनी बोलण्यात अडली नाही. ऐकण्यात आणि वाचण्यात अडली. म्हणून आता मी वर्गात एक शब्द बोलायला शिकवते आणि बाकीचे ओळखायला.

पाट्यांमध्ये सर्वांत फसवी पेरू आणि इक्वेडोरमधली आहे. तिथे दरवाजावर नुसतं 'एसएस. एचएच.' लिहिलेलं असतं. ही 'सेर्विसिओस इखिएनिकोस', म्हणजे आरोग्यविषयक सोयी, याची लघुरूपं. स्पॅनिशमध्ये अनेकवचनी नावाचं लघुरूप करताना आद्याक्षर दोनदा लिहितात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांसाठी 'ईई. यूयू.' लिहितात ते याच नियमाने. नियम माहीत नसेल तर ती पाटी एखाद्या सरकारी खात्याची वाटते.

त्यानंतर दरवाजावरची अक्षरं. इंग्रजी शिकलेल्या आपल्या माणसाला 'एम' दिसलं की पुरुषांचं वाटतं. स्पॅनिशमध्ये 'एम' म्हणजे 'मुखेरेस', स्त्रिया. पुरुषांसाठी 'एच', म्हणजे 'ओम्ब्रेस'. एच लिहितात पण उच्चारत नाहीत. कुठे 'काबायेरोस' म्हणून 'सी' असेल, कुठे 'दामास' म्हणून 'डी'. 'सेन्योरेस' आणि 'सेन्योरास' या दोन पाट्यांत तर फरक शेवटून दुसऱ्या अक्षराचा: 'ए' असेल तर बायकांचं, 'ई' असेल तर पुरुषांचं. घाईच्या वेळी हे एक अक्षर नीट बघा.

आत गेल्यावरही वाचायचं संपत नाही. लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी कागद भांड्यात टाकू नका, शेजारच्या डब्यात टाका अशी सूचना असते, कारण नळ्या अरुंद असतात आणि तुंबतात. या सूचनेत भांड्याचा शब्द येतो: मेक्सिकोत 'तासा', पेरूत 'इनोदोरो'. 'तासा' म्हणजे फक्त कप एवढंच माहीत असलेला माणूस त्या पाटीपुढे विचारात पडेल. आणि पाणी सोडायला स्पेनमध्ये 'तिरार दे ला कादेना' म्हणतात, म्हणजे साखळी ओढणं. डोक्यावरच्या टाकीला लोंबणारी साखळी बहुतेक घरांतून केव्हाच गेली. वाक्यात ती अजून लोंबते आहे.

बालदीची गोष्ट

स्पॅनिश साम्राज्य आशियातही होतं. फिलिपिन्सवर १५६५ पासून १८९८ पर्यंत स्पेनचं राज्य होतं. तिथल्या टागालोग भाषेत शौचालयाला दोन शब्द आहेत, 'कासिल्यास' आणि 'कुबेता'. पहिला स्पॅनिश 'कासिया'वरून, म्हणजे छोटी खोपटी. दुसरा 'कुबेता'वरून, आणि स्पॅनिशमध्ये कुबेता म्हणजे बादली. स्पॅनिश बादली समुद्र ओलांडून गेली आणि तिकडे शौचालय झाली.

आपल्याकडे पोर्तुगीज आले. त्यांचा 'बाल्दे' मराठीत 'बालदी' झाला, आणि आपल्याकडे ती आहे तीच राहिली, न्हाणीघरात नळाखाली. हाच 'बाल्दे' स्पॅनिशमध्येही आहे. मेक्सिको बादलीला 'कुबेता' म्हणतं, स्पेन 'कुबो', पण दक्षिण अमेरिकेत मोठ्या भागात 'बाल्दे'च चालतो. लिमात नळाचं पाणी गेलं आणि घरमालकिणीकडे काय मागायचं ते सुचलं नाही, तर बालदी मागा. 'दी'चा 'दे' केलात की ती भरून आणून देईल.